वस्तीचं देणं किती, आणि कुणाला?

पत्राचा सारांश: ताई तेहतीस वर्षांच्या आहेत. येरवड्यातल्या एका वस्तीत वाढल्या. कुटुंब बौद्ध, मूळचं धाराशिव जिल्ह्यातलं, बहात्तरच्या दुष्काळात पुण्यात आलेलं. वडील हयात नाहीत. आई महापालिकेत सफाई कामगार होती, आता निवृत्त. शासनाच्या शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग करून ताई आज खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहेत. नवरा बँकेत आहे, मुलगी चार वर्षांची. खराडीतच फ्लॅट घेतला. हातात पगार 1 लाख 40 हजार, त्यातले 46 हजार हप्त्यात जातात. आता मामा म्हणतात, मुलाच्या इंजिनिअरिंगचे वर्षाला दीड लाख भर. एका एजंटानं कॉलेजात जागा देतो म्हणून सांगितलंय. चुलतभावाला टेम्पोच्या सहा लाखांच्या कर्जाला जामीन हवा आहे. मंडळाला जयंतीची 51 हजार वर्गणी हवी आहे. ताई जरा थांबल्या तेव्हा चुलतभाऊ चारचौघांत म्हणाला, "तू आता त्यांच्यातली झालीस." आणि ऑफिसात जेवणाच्या टेबलावर "कोट्यातल्यांमुळे" सुरू झालं की ताई मान खाली घालून डबा संपवतात, कारण तिथे त्यांची जात कुणाला माहीत नाही. आई फ्लॅटवर राहायला यायला तयार नाही. ताई विचारतात: मी माझ्या माणसांना सोडलं का? सोडलं नसेल, तर किती केलं म्हणजे पुरे?

ताई,

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याला रुपयांत आणि तासांत उत्तर आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही चुलतभावाकडून मागताय. त्याच्याकडे ते नाही.

पत्रात तुम्ही "वस्ती मागते", "वस्ती बोलते", "वस्तीला वाटतं" असं किमान सात-आठ ठिकाणी लिहिलंय. वस्ती म्हणजे एक माणूस नाही. कागद घ्या, मध्ये रेघ मारा. डावीकडे त्यांची नावं लिहा ज्यांच्यामुळे तुम्ही शिकलात: शाळेत नाव घालणारे, आई कामावर असताना तुम्हाला जेवू घालणाऱ्या शेजारच्या मावशी, बारावीच्या वर्षी रात्री अभ्यासाला जागा देणारं घर. उजवीकडे गेल्या वर्षभरात ज्यांनी मागणी केली त्यांची. दोन्हीकडे आलेली नावं मोजा. बहुतेक घरांत ती फार थोडी निघतात. डावीकडचं देणं आहे, आणि ते न मागताच द्यायचं असतं. उजवीकडची विनंती आहे. तिला हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं, "एवढंच जमेल" असंही म्हणता येतं.

डाव्या बाजूला पहिलं नाव आईचं असेल. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच जागी नोकरी मिळते. तुमच्या घरात ती जागा तुम्हाला द्यायची नाही असं आईनं ठरवलं, हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय. पहाटे आरोग्य कोठीवर हजेरी लावणाऱ्या बाईनं हाती असलेली पक्की सरकारी नोकरी नाकारून मुलीला अनिश्चित वाटेवर पाठवलं. वस्तीबाहेर पडण्याचा निर्णय आधी तिचा होता. तुम्ही बाहेर पडलात म्हणजे तिचं ऐकलंत.

मग टोचतं काय? आपल्याकडे याला इतिहास आहे. मार्च 1956 मध्ये आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी, शिकलेल्या लोकांनी आपल्याला धोका दिला, अशी जाहीर खंत बोलून दाखवली होती. ते वाक्य वस्तीतल्या प्रत्येक भांडणात कुणीतरी काढतंच, आणि तुमच्या चुलतभावानंही ते तुम्हाला ऐकवलं असणार. त्याच विचारातून पुढे पुण्यातल्या संरक्षण प्रयोगशाळेत नोकरी केलेले कांशीराम, त्यांच्याबरोबर डी. के. खापर्डे आणि दीनाभाना यांनी नोकरदारांची बांधणी सुरू केली आणि 1978 मध्ये बामसेफ ही त्यांची संघटना उभी राहिली. तिचं मागणं समाजाला परत देण्याचं होतं, पण नोकरदाराकडून तिनं बुद्धी, वेळ आणि पैसा अशा तीन गोष्टी मागितल्या. आज तुमच्याकडे तिसरीच मागितली जाते, कारण फ्लॅट आणि गाडी लांबून दिसते. वस्तीत टंचाई मात्र पहिल्या दोन्हींची आहे. कुठला दाखला कुठून काढायचा, कुठल्या तारखेच्या आत, आणि कुठे माणूस हमखास अडकतो, हे तुम्हाला माहीत आहे. ते शेजारच्या चाळीस घरांत कुणालाच माहीत नाही.

तरी पैशाचं आधी ठरवू, नाहीतर बाकी काही सुचणार नाही.

हातात येणाऱ्या पगाराच्या सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे महिना 10 हजार, वेगळ्या बचत खात्यात टाका. वर्षाचे 1 लाख 20 हजार झाले. निम्मे शिक्षणासाठी, पाव भाग आजारपणासाठी, उरलेला पाव अंत्यविधी, लग्न, वर्गणी अशा अचानक येणाऱ्या गोष्टींसाठी. नवऱ्याला आकडा माहीत असू द्या, नातेवाइकांना नियम सांगा. "माझ्याकडे नाहीत" म्हणालात तर खोटं ठरतं, कारण त्यांनी फ्लॅट पाहिलाय. "या वर्षीचे संपले, एप्रिलनंतर बघू" हे खरं असतं आणि त्यावर वाद घालता येत नाही. आईचा खर्च यात धरू नका, तो घरखर्चात.

दोन गोष्टी पाळा. पैसा शक्यतो माणसाच्या हातात न देता कॉलेजच्या किंवा दवाखान्याच्या खात्यात भरा. आणि जे परत आलं नाही तरी चालेल तेवढंच द्या, "उसने" हा शब्द वापरूच नका. नात्यातले उसने बुडाले की पैशाबरोबर नातंही जातं, आणि पुढच्या सणाला तो माणूस तुम्हाला टाळून निघून जातो. (जाता जाता: आयकर कायद्याच्या लेखी चुलतभाऊ आणि मामेभाऊ "नातेवाईक" नाहीत. वर्षात 50 हजारांवर दिलेली भेट त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. त्यांचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर फरक पडत नाही, पण माहीत असावं.)

आता मामांचा मुलगा. इथे तुमचं गृहीतक तपासायला हवं. तुम्ही विचारताय, दीड लाख द्यावेत की नाही. त्याआधीचा प्रश्न आहे, दीड लाख लागतात कशाला? अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याच्या पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप आहे, त्यात शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ होतं. दोन्ही अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, कॅप राउंडमधून झालेला हवा. एजंट जी जागा विकतोय ती बहुधा संस्था स्तरावरची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती आहे. ती घेतली की शिष्यवृत्ती गेली, आणि चार वर्षांचे सहा लाख खिशातून. एजंट हे सांगत नाही. मामांना ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

मुलगा बारावीत आहे, म्हणजे आजच जात वैधतेला, म्हणजे जातीचा दाखला पडताळून मिळणाऱ्या प्रमाणपत्राला हात घालायला हवा. राखीव जागेवर प्रवेश मिळूनही मुदतीत वैधता प्रमाणपत्र आलं नाही तर ती जागा जाते, आणि खुल्या प्रवर्गातून गुण बसले तरी फी पूर्ण भरावी लागते. दरवर्षी मुलं अडकतात ती इथेच, गुणांत नाही. अर्ज बार्टी या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर भरायचा, कॉलेजचं पत्र जोडायचं, निर्णय जिल्हा जात पडताळणी समिती देते.

यात तुमच्यासारख्या स्थलांतरित घरांची अडचण ठरलेली. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक 10 ऑगस्ट 1950 आहे. त्या तारखेला कुटुंब जिथे राहत होतं तिथल्या सक्षम अधिकाऱ्याकडून जातीचा दाखला काढायचा असतो. जन्म येरवड्यातला आहे म्हणून दाखला पुण्यात निघेलच असं नाही. मामांच्या वडिलांचा किंवा आजोबांचा 1950 पूर्वीचा पुरावा लागेल: शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर कोतवाल बुकच. ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतं, आणि नक्कल मिळायला एका खेपेत काम होईल असं धरू नका. जुन्या नोंदीत हिंदू जात आणि पुढच्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं "बौद्ध" किंवा "नवबौद्ध" असेल तर घाबरायचं कारण नाही. दोन्ही कागद जोडून धर्मांतराचा उल्लेख शपथपत्रात करायचा. नावातल्या फरकानं मात्र खूप अडतं. आजोबांचं नाव एका कागदावर "रामा", दुसऱ्यावर "रामचंद्र" असेल तर त्याचंही शपथपत्र आधीच लावा, समितीनं त्रुटी काढेपर्यंत थांबू नका.

तुमची स्वतःची वैधता इथे चालणार नाही. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली वैधता लागते. मामांना किंवा मामांच्या सख्ख्या-चुलत भावंडांपैकी कुणाला मिळालेली असेल तर ती शोधा, काम अर्ध्यावर येतं. तुमची वैधता काकांच्या मुलांना उपयोगी आहे. तिची रंगीत प्रत आणि वंशावळ काढून त्या घरांत देऊन ठेवा. वस्तीतल्या कुठल्याही वर्गणीपेक्षा ती जास्त किमतीची आहे.

शिष्यवृत्ती मंजूर झाल्यावरही घोळ होतो. खातं आधारशी जोडलेलं नसलं की पैसे परत जातात. केंद्राचा 60 टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्यानं कॉलेजला भरायची असते. घरात अडचण असते, पैसे आजारपणात किंवा भाड्यात जातात, मग कॉलेज निकाल किंवा दाखला अडवतं. मामांना हे आताच, स्पष्ट शब्दांत सांगा. अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी असतं आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बघावी लागते. तुमच्या शिक्षणाच्या 60 हजारांतून याला सीईटीचा क्लास, अर्जाची फी, गावच्या खेपांचा खर्च आणि वापरलेला लॅपटॉप द्या. शिष्यवृत्ती उशिरा आली तर पहिल्या वर्षी थोडी रक्कम तात्पुरती भरा. दीड लाखांचा विषय संपतो.

टेम्पोला जामीन राहू नका. यात मागेपुढे बघण्यासारखं काही नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. हप्ते थकले तर बँक आधी कर्जदाराकडेच गेली पाहिजे असं बंधन नाही. ते कर्ज तुमच्या सिबिल अहवालात दिसतं आणि तुमच्या घरात पुढे कर्ज लागलं तर आड येतं. बँकेत काम करणाऱ्या नवऱ्याला हे विचारून बघा, तो आमच्यापेक्षा कडक शब्दांत सांगेल.

पण नुसतं "नाही" म्हणून फोन ठेवला तर भाऊ म्हणतो तेच खरं ठरेल. मुद्रा योजनेत 5 ते 10 लाखांचं कर्ज "तरुण" गटात येतं, त्याला तारण लागत नाही, आणि छोटं मालवाहू वाहन त्यात बसतं. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीजभांडवल योजना अनुसूचित जातीसाठीच आहे. तिथेही एकदा चौकशी करावी. अर्ज नाकारला जातो तो बहुतेक वेळा जातीमुळे किंवा जामिनाअभावी नाही, तर सगळा धंदा रोखीत असल्यामुळे. खात्यात काहीच दिसत नाही, मग बँकेला परतफेडीचा अंदाज येत नाही. भावाला सांगा, पुढचे सहा महिने भाड्याच्या टेम्पोचे पैसे खात्यातून फिरव, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) कर, वाहन परवाना चालू आहे का बघ, डीलरचं कोटेशन आण. बँकेत एकदा त्याच्याबरोबर जा. मॅनेजर टाळाटाळ करत असेल तर नकार लेखी मागा. लेखी मागितलं की बोलण्याचा सूर बदलतो. स्वतःच्या हिश्शाची रक्कम भरताना 25 हजार कमी पडले तर ते तुम्ही भेट म्हणून द्या. सहा महिने खातं नीट चालवलं नाही तर तेही देऊ नका.

वर्गणी: बरोबरीची नोकरदार घरं जेवढी देतात तेवढी द्या, पावती फाडून घ्या. 51 हजार देऊन फ्लेक्सवर फोटो आला की पुढच्या वर्षी 71 हजार मागतील. त्याऐवजी मंडळाला सांगा की विहारात रोज संध्याकाळी सात ते दहा अभ्यासिका चालवणार असाल तर दिव्यांचं बिल आणि झाडलोट माझ्याकडे. मंडळातले निम्मे लोक कुरकुर करतील, पण पोरांच्या आया तुमच्या बाजूनं उभ्या राहतील.

आणि वेळ. महिन्यातला एक रविवार, दोन तास, तिथेच विहारात कागदपत्रांसाठी बसा. नियम असा की तुम्ही अर्ज भरायचा नाही, शिकवायचा. भरून दिलात की रोज फोन येतील. अकरावी-बारावीची दोन चुणचुणीत मुलं, शक्यतो मुली, शेजारी बसवा. सहा महिन्यांत त्या तुमच्याशिवाय काम काढतील. आजारपणाच्या मागण्याही अशाच अर्ध्या होतात. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. महापालिकेची शहरी गरीब योजना आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रुग्ण दाखल होतानाच रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवकाच्या टेबलावर जायचं असतं. बिल झाल्यावर गेलं की उशीर झालेला असतो, आणि मग फोन तुम्हाला येतो.

आईबद्दल. तिला फ्लॅटवर आणलं म्हणजे तिचं भलं झालं, हे तुम्ही न तपासता धरून चाललाय. तिची पेन्शन आहे, निवृत्त कर्मचाऱ्यांना महापालिकेची अंशदायी वैद्यकीय योजना आहे, संध्याकाळी ओट्यावर बसायला पाच बायका आहेत. खराडीच्या अकराव्या मजल्यावर तिला नात सांभाळणं सोडून काम काय? (पाळणाघराची अडचण हे खरं कारण असेल तर ते तसं बोला, "तुझ्यासाठी" म्हणू नका.) शिवाय एक व्यवहाराची बाब. वस्तीत झोपडपट्टी पुनर्वसनाची बोलणी चालू आहेत असं तुम्ही लिहिलंय. पात्रता परिशिष्ट-2 वर, म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांच्या यादीवर ठरते आणि ती प्रत्यक्ष राहणाऱ्याची असते. सर्वेक्षणाच्या दिवशी घराला कुलूप दिसलं तर "बंद" अशी नोंद होते आणि मग वर्षानुवर्षं अपील. फोटोपास, वीजबिलं, मतदार यादीतलं नाव या सगळ्याची एक फाइल करा आणि निदान परिशिष्ट-2 जाहीर होईपर्यंत घर चालू ठेवा. आई शनिवार-रविवार तुमच्याकडे, बाकी दिवस आपल्या घरी, हे कदाचित तिलाच हवंय.

आता ऑफिस, कारण पत्रातली सगळ्यात लांब ओळ तिथली आहे. जात न सांगणं आणि माणसं सोडणं या दोन गोष्टी तुम्ही एकत्र बांधल्यात. शेजारच्या खुर्चीतला सहकारी त्याची जात सांगत नाही, त्याला कुणी बेइमान म्हणत नाही. त्याला ती सांगावी लागत नाही इतकंच. तुम्हीही सांगायला बांधील नाही. पण गप्प बसल्यानं तुमची झोप जातेय, म्हणून मधली वाट वापरून बघा. स्वतःबद्दल एक अक्षर न बोलता माहिती बोलता येते: "आपल्या कंपनीत कोटा नाही. या टेबलावरचा प्रत्येक जण त्याच मुलाखतीतून आलाय." किंवा, "प्रवेश राखीव असतो. विद्यापीठाचा पेपर आणि पासिंग सगळ्यांना एकच." आवाज न चढवता एवढंच म्हणून भाजी पुढे सरकवायची. हे वाक्य कुठल्याही जातीचा माणूस बोलू शकतो, आणि कोण दुजोरा देतो, कोण चुळबुळतो ते तुम्हाला दिसेल. दुजोरा देणाऱ्यांपैकी एकाला, एकालाच, पुढे कधीतरी खरं सांगा. भांडणाच्या भरात नको आणि अप्रेझलच्या महिन्यात तर नकोच, कारण सांगितलेलं परत घेता येत नाही. सांगितल्यावर टोमणे सुरू झाले तर तारीख, शब्द आणि हजर असलेली माणसं त्याच दिवशी लिहून ठेवा. एचआर असो की त्यापुढचा कायद्याचा मार्ग, नोंदीशिवाय काही हलत नाही.

"आमच्यासारख्यांनी आता आरक्षण सोडावं का" असं तुम्ही शेवटी विचारलंय. 1 ऑगस्ट 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मुभा दिली आणि काही न्यायमूर्तींनी क्रीमीलेयरचं, म्हणजे पुढे गेलेल्या घरांना आरक्षणातून वगळण्याचंही मत मांडलं, पण आज अनुसूचित जातीला क्रीमीलेयर लागू नाही. मुलगी चार वर्षांची आहे. बारावीला चौदा वर्षं आहेत. तेव्हा कायदा काय असेल आणि तिला काय वाटेल ते तिच्याबरोबर बसून ठरवा. जातीचा दाखला मात्र आतापासून काढून ठेवा. तिची जात साधारणपणे वडिलांकडून लागते, म्हणजे 1950 चा पुरावा नवऱ्याच्या गावाहून आणावा लागेल. सासऱ्यांना सगळं आठवतंय तोवर वंशावळ लिहून घ्या, आणि ते काम या दिवाळीच्या सुट्टीतच करा.